नकोशी इनपुट भाषा काढणे

टंकलेखनासाठी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जोडलेली, पण वापरात नसलेली भाषा किंवा तिचा कीबोर्ड यादीतून काढून टाकण्याची क्रिया. कोकणात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ही गरज वरचेवर पडते, कारण इथला संगणक सहसा एकट्याचा नसतो. सेवा केंद्रात पाळीपाळीने बसणारे ऑपरेटर, घरी शाळकरी पोरं आणि गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळ्यांचे हात एकाच यंत्रावर. ज्याला जी भाषा लागते ती तो जोडून जातो. काढायला कोणी बसत नाही.

सिस्टिममध्ये भाषेचे तीन थर असतात. मेनू आणि सूचना ज्या भाषेत दिसतात ती डिस्प्ले भाषा, आपण जिच्यात टाइप करतो ती इनपुट भाषा, आणि कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटेल हे ठरवणारा कीबोर्ड लेआउट. एका इनपुट भाषेखाली एकाहून अधिक लेआउट असू शकतात. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो: लेआउट नको असतो आणि माणूस भाषाच उडवतो, किंवा उलट.

सर्वांत फसवा पाहुणा म्हणजे यूके इंग्रजी. टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळच्या पट्टीवर, ‘ईएनजी’ दिसतेच, त्याखालच्या बारीक ‘यूके’कडे लक्ष जात नाही. शिफ्ट आणि २ दाबले की @ ऐवजी अवतरणचिन्ह येते, शिफ्ट आणि ३ ला £. अर्जातला ईमेल पत्ता काही केल्या स्वीकारला जात नाही आणि दोष कीबोर्डच्या माथी जातो. कळा धडधाकट असतात. फक्त लेआउट बदललेला असतो.

पासवर्डच्या चौकटीत तर काय उमटले तेही दिसत नाही. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) मराठी चालू असताना ‘मालवण’चे एम-ए-एल-व्ही-ए-एन हे इंग्रजी स्पेलिंग टाइप केले तर उमटते ‘सोतनोल’. पडद्यावर सहा ठिपके बरोबर, पासवर्ड मात्र चूक. अशा वेळी विंडोजच्या लॉगिन पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण आधी पाहावी, पासवर्ड बदलण्याच्या भानगडीत नंतर पडावे.

रत्नागिरी आणि रायगडच्या किनारी गावांतून आखातात नोकरीला गेलेली माणसे बरीच. तिकडून आलेल्या लॅपटॉपवर अनेकदा अरबी इनपुट असते. उजवीकडून लिहिली जाणारी भाषा यादीत असली की उजव्या बाजूची कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबताच परिच्छेदाची दिशा उलटते, आणि मराठी अर्ज उजव्या कडेला जाऊन चिकटतो. अरबी काढली की ही व्याधी मुळासकट जाते. कळांवर छापलेली अक्षरे तेवढी राहतात.

देवनागरीची अडचण निराळी आहे. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ मध्ये ठरली आणि पुढे तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, हे सूत्र भारतीय लिप्यांना समान असल्याने हिंदी, मराठी आणि कोकणी यांच्या मांडण्या जवळपास सारख्याच दिसतात. विंडोज २००० पासून या तिन्ही भाषा यादीत उपलब्ध आहेत. गोव्याच्या सीमेलगत सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे तिन्ही एकाच यंत्रावर सापडल्या तर नवल नाही. टाइप करताना फरक कळत नाही, पण वर्डला कळतो: हिंदी इनपुटने लिहिलेला मजकूर तो हिंदी म्हणून नोंदवतो, आणि हिंदी शुद्धलेखन तपासणी बसवलेली असेल तर ‘आहे’, ‘नाही’खाली लाल रेघा ओढतो. म्हणून मराठीत काम करणाऱ्याने हिंदी इनपुट ‘असू दे, चालतंय’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. कोकणी कोणी वापरत असेल तर मात्र विचारल्याशिवाय काढू नये.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन असे जावे. भाषेच्या नावापुढच्या तीन टिंबांवर टिचकी मारली की ‘रिमूव्ह’ मिळते. फक्त लेआउट काढायचा असेल तर तिथेच ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन बसवलेल्या कीबोर्डांच्या यादीतून तो काढावा. ‘रिमूव्ह’ फिकट दिसत असेल तर ती बहुधा चालू डिस्प्ले भाषा असते किंवा यादीतली एकमेव. आधी दुसरी भाषा जोडून तिला ती जागा द्यावी लागते.

एवढे करूनही काही लेआउट टास्कबारवर परत उगवतात. यादीत नसलेला लेआउट दिसत असेल तर तीच भाषा मुद्दाम जोडून पुन्हा काढणे हा सोपा उपाय, आणि तो बऱ्याचदा लागू पडतो. लॉगिन पडद्याची भाषा वेगळी साठवलेली असते. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’मधून आपली स्वच्छ केलेली मांडणी ‘कॉपी सेटिंग्ज’ने तिकडे नेता येते. मायक्रोसॉफ्ट खाते दोन यंत्रांवर असेल आणि भाषेची पसंती जुळवून घेण्याची सोय चालू असेल, तर ठाण्याच्या संगणकावरची यादी दापोलीतही अवतरते. रिमोट डेस्कटॉपने दूरच्या यंत्राला जोडल्यावर आपण बसलो आहोत त्या यंत्राचा लेआउटही तिथल्या सत्रात शिरतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, ‘कीबोर्ड लेआउट’खालच्या ‘प्रीलोड’ नोंदीत हे लेआउट आठ अंकी संकेतांनी लिहिलेले असतात: ०००००४०९ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, त्याच जागी शेवटी ८०९ असेल तर यूके, ४३९ असेल तर देवनागरी इनस्क्रिप्ट. जाणकार तिथून थेट ओळ पुसतात. नवख्याने तिकडे न गेलेले बरे.

भाषा काढल्याने आधी लिहिलेल्या फायली बिघडत नाहीत. युनिकोड मजकूर तसाच राहतो, आणि विंडोजसोबत येणारा निर्मला यूआय हा फाँट देवनागरी दाखवत राहतो. त्या भाषेसोबत उतरवलेली शुद्धलेखन तपासणी किंवा हस्ताक्षर ओळख मात्र जाऊ शकते. भाषा ठेवायची, पण चुकून बदलणे टाळायचे असेल, तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट हा शॉर्टकट ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधून बंद करता येतो, विंडोज कळ आणि स्पेसबार ही जोडी तरीही चालू राहते.

मॅकवर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात, इनपुट सोर्सेसच्या यादीत वजा चिन्ह दाबून होते. ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्या लिनक्समध्येही सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागातच इनपुट सोर्सेसची यादी असते.