किनाऱ्यावरचं हिरवं शेवाळ: यादीपासून परिसंस्थेपर्यंत

हिवाळ्यात, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्र बराच मागे हटला की हाजीअली किंवा वांद्र्याच्या खडकांवर हल्ली मुलं शेवाळलेल्या डबक्यांवर ओणवी झालेली दिसतात. २०१७मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने किनारा-फेऱ्या सुरू केल्यापासून हे दृश्य ओळखीचं झालं. पण या हिरव्या शेवाळाची दखल त्याच्या कितीतरी आधी घेतली गेली होती.

आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वे यांनी १८३६मध्ये शेवाळांची रंगांवरून विभागणी केली. ऐकायला बाळबोध, पण हिरवी, तपकिरी, लाल हे गट आजही वापरात आहेत. कारण रंगामागे रंगद्रव्यांचा खरा फरक आहे. पुढे फ्रेडरिक बॉर्गेसेन हे डॅनिश शास्त्रज्ञ १९२७-२८मध्ये भारतात आले आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी शेवाळं गोळा केली. मुंबईच्या सागरी शेवाळांची त्यांची यादी १९३५मध्ये कोपनहेगनला छापली गेली. काम चोख, तरी ती यादीच. कोण राहतं ते तिच्यातून कळतं. कशाच्या आधारावर राहतं, हा प्रश्न निराळा.

योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी परिसंस्थेची कल्पना मांडली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी १८७७मध्येच कालवांच्या (ऑयस्टर शिंपल्यांच्या) थरातल्या जीवांना एकत्र समूह म्हणून पाहिलं होतं. टॅन्सलींनी माती, पाणी, हवा यांनाही त्याच व्यवस्थेत आणलं.

ती व्यवस्था पाहायला खडकातलं डबकं पुरतं. ऊन चढलं की अल्वा या हिरव्या शेवाळाच्या पातळ पानांवर प्राणवायूचे बुडबुडे धरतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ ओढून घेतं, पाण्याची आम्लता घटते. रात्री श्वसन तेवढं चालू राहतं आणि उलटं घडतं. बाष्पीभवनाने खारेपणा वाढतो, पावसाळ्यात एका सरीत तो उतरतो. शाळेच्या वहीत आपण ‘सजीव’ आणि ‘निर्जीव’ असे दोन रकाने आखतो. मग तो बुडबुडा कुठे लिहायचा? आणि कालवाचं रिकामं शिंपलं? पाण्यातल्या चुन्यापासून जिवाने घडवलेलं, आता शेवाळाला चिकटायला जागा देणारं. माझ्या मते मुलांनी अडखळावं ते इथेच.

पर्यावरण शिक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये निर्देश दिले आणि या विषयाला अभ्यासक्रमात बळ मिळालं. मुंबईत त्याला पूरक अशी प्रयोगशाळा किनाऱ्यावर फुकट आहे, फक्त भरतीचं वेळापत्रक पाहून जायला हवं. नाल्याचं पाणी समुद्राला मिळतं तिथेही थांबावं. सांडपाण्यातल्या नायट्रोजनवर अल्वा माजते. तिथला दाट हिरवा गालिचा पाहून शेवाळ खुशाल आहे एवढंच लिहिलं, तर निम्मंच निरीक्षण झालं. पाण्यात काय मिसळतंय, तेही त्याच पानावर यायला हवं.