खोली घेण्याआधी एवढं वाचा
(कोल्हापूर, स्टेशन रोड परिसरातल्या आमच्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी)

फोनवर रोज एकच प्रश्न येतो, "फोटोत दिसतात तशाच आहेत का खोल्या?" हो, तशाच आहेत. जमिनीला चाळीस वर्षांपूर्वीची मोझॅक फरशी, भिंतीत सागवानी कपाट, पितळी कड्या, आणि टीव्हीखाली जुन्या डब्बा टीव्हीसाठी केलेलं भलंमोठं लाकडी टेबल. टीव्ही बदलला, टेबल काढवेना. त्यावर आता पाहुणे बॅगा ठेवतात आणि ते सोयीचंही पडतं.

नवीन हॉटेलांसारखी चकाकी आमच्याकडे नाही. जागा मात्र आहे. आमची नेहमीची खोली १४ बाय १८ फुटांची, म्हणजे २५२ चौरस फूट, आणि छत ११ फुटांवर. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची असते, आमची तिच्या दुपटीहून मोठी. मधे पार्टिशन घालून एकाच्या दोन खोल्या करा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तसं केलं असतं तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन पोरं असं कुटुंब एका खोलीत मावलं नसतं. पलंगाशेजारी दोन गाद्या टाकूनही आमच्याकडे चालायला वाट उरते. गादी, उशी आणि चादर मिळून जादा माणसाचे ३०० रुपये घेतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं काही घेत नाही.

कोणती खोली मागायची

सगळ्या खोल्या सारख्या नाहीत. बुकिंग करताना नुसतं 'डबल रूम' म्हणालात तर जी रिकामी असेल ती मिळेल, म्हणून नीट सांगून मागा.

रस्त्याकडच्या खोल्यांना गॅलरी आहे, उजेड भरपूर आहे आणि आवाजही भरपूर आहे. मध्यवर्ती बसस्थानक जवळ असल्याने एस.टी.चे हॉर्न पहाटेपासून सुरू होतात. ज्यांची झोप सावध त्यांनी मागची बाजू मागावी. तिथे शांतता आहे, पण दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. कोपऱ्यातल्या खोल्यांना दोन बाजूंनी खिडक्या असल्याने वारा आरपार जातो. एसी नको असणाऱ्यांनी याच घ्याव्यात. तिसऱ्या मजल्यावर डोक्यावर थेट स्लॅब आहे. थंडीत ती ऊब बरी वाटते, पण एप्रिल-मेमध्ये तिथे बिनएसीची खोली आम्ही स्वतःहून देत नाही. एखाद्याने हट्टच धरला तर देतो, आणि रात्री अकराला खाली बदलूनही देतो.

गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. आमच्या बाथरूमला चार इंचांचा उंबरा आहे. जुन्या बांधकामात पाणी खोलीत येऊ नये म्हणून असा उंबरा ठेवत. रात्री अंधारात त्याला ठेच लागते. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तो काढून उतार केला आहे, कमोडशेजारी धरायला दांडाही लावला आहे. त्या दोन खोल्या ज्येष्ठांसाठी राखतो. काही खोल्यांत अजून भारतीय पद्धतीचा संडास आहे. तोच हवा, असं सांगणारे पाहुणेही काही कमी नाहीत.

एसी आणि गरम पाणी

तक्रारी याच दोन गोष्टींच्या येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसी लावला आणि पाच मिनिटांत गार झालं नाही म्हणून लोक थेट १६ वर नेतात. त्याने खोली लवकर गार होत नाही. आमच्या खोलीत साधारण २,७७० घनफूट हवा आहे, नऊ फूट छताच्या १० बाय १२च्या खोलीत १,०८०. अडीच पट हवा गार करायला वेळ लागणारच. २४ वर ठेवा, पंखा एकवर लावा, गॅलरीचं दार नीट ओढून घ्या आणि अर्धा तास द्या. नंतर मध्यरात्री चादर शोधावी लागते.

गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचं आहे, सकाळी साडेपाच ते दहा. नळ उघडल्यावर आधी गारच येतं, कारण रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी आधी बाहेर पडतं. तिसऱ्या मजल्यावर गच्ची जवळ असल्याने अर्ध्या बादलीनंतर गरम येतं. पहिल्या मजल्यावर पूर्ण बादली जाते. ते पाणी ओतून देऊ नका, संडासात वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा प्रत्येक खोलीतला गीझर चालू करून देतो. तो १५ लिटरचा, दोन हजार वॅटचा आहे. गार पाणी कढत व्हायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्यात गार मिसळून दोन बादल्या होतात. चौघांना एकापाठोपाठ आंघोळ करायची असेल तर मधे थांबावं लागेल. काकडआरतीला जाणाऱ्यांनी रात्रीच काउंटरवर सांगून ठेवावं, म्हणजे आम्ही उठवू आणि गीझरची आठवणही करू.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दोन दरवाजांची आहे. उतरल्यावर दोन्ही जाळ्या खट्ट आवाज येईपर्यंत ओढा. एक जरी अर्धवट राहिली तरी लिफ्ट जागची हलत नाही आणि खालचे लोक आमच्या नावाने बोटं मोडत जिने चढतात. चौदा इंची विटांच्या भिंतींमुळे वायफाय खोलीच्या कोपऱ्यात अडखळतं. व्हिडिओ कॉल असेल तर दाराजवळ किंवा पॅसेजमध्ये बसा. वीज गेल्यावर दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालतात, एसी चालत नाही.

वेळ, दर, कागदपत्रं

आमच्याकडे खोली सोडायची वेळ 'दुपारी बारा' नाही, आल्यापासून चोवीस तास आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री निघून सकाळी इथे पोहोचते. सकाळी आलेल्या पाहुण्याला दुपारपर्यंत बाकड्यावर बसवायचं आमच्या वडिलांना कधी पटलं नाही. आठला आलात तर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत खोली तुमची. परतीची गाडी रात्रीची असेल तर सामान काउंटरमागच्या खोलीत ठेवा, त्याचे पैसे नाहीत. निघण्याआधी हातपाय धुवायला तळमजल्यावर बाथरूम आहे.

बिनएसी खोली १,८०० रुपये, एसी २,४००. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे हातात पडणारं बिल १,८९० किंवा २,५२०. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कुणी जुना हिशोब सांगत असेल तर बिल दाखवायला सांगा, आमचंसुद्धा.

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालेल. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. आधारची फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत दिलीत तरी हरकत नाही. गावाकडे आलेली मुलं-नातवंडं परदेशी पासपोर्टवर असतील, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी, त्यांची नोंद आम्हाला चोवीस तासांत सरकारकडे ऑनलाइन करावी लागते. मराठी कितीही अस्सल बोलत असले तरी! दोन प्रौढ माणसांना आम्ही लग्नाचा पुरावा मागत नाही.

कधी येऊ नये, कधी लवकर सांगावं

किरणोत्सवाला (३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर) मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर येतात. ढग आले तर काहीच दिसत नाही. तरीही खोल्या महिनाभर आधी जातात. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला तसंच. तेव्हाही दर वाढवत नाही, फक्त निम्मी रक्कम आगाऊ घेतो.

पावसाळ्यात निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. महामार्ग बंद झाला तर आगाऊ रक्कम पूर्ण परत देतो. आधीच अडकून पडलेल्यांना निम्म्या दरात ठेवतो.

खाणं

आमच्याकडे सकाळी चहा आणि पोहे, एवढंच. तांबडा-पांढरा हवा असेल तर जवळच्या खानावळीतून पार्सल आणून देतो. ताटं-वाट्या आमच्या, पण जेवण टेबलावर करा, पलंगावर नाही. तांबड्याचा डाग दोन धुण्यांतही जात नाही. पहाटे उठण्याची तयारी असेल तर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन या. शहरातल्या पोटाला एक पेला पुरे.

इथून कोल्हापुरी चप्पल विकत घेतलीत तर ती बाथरूममध्ये वापरू नका. कातडं भिजलं की तळ फुगतो आणि करकर तर जातेच. बाथरूमसाठी रबरी स्लीपर कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. जाताना गॅलरीतल्या दोरीवरही एकदा नजर टाका, लोक चार्जरपेक्षा जास्त तिथले टॉवेल विसरतात.