इंटर्निंग म्हणजे टेल मर्जिंग नव्हे

‘लिंकर एकसारख्या स्ट्रिंगची एकच प्रत ठेवतो’ हे वाक्य लिंकरमध्ये (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक फाइल बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दोन ठिकाणी खरे असते आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. पहिले ठिकाण म्हणजे लिंकर चालू असताना त्याच्या स्वतःच्या मेमरीत असलेला सिम्बॉलच्या (प्रोग्राममधील फलने, चले यांच्या) नावांचा साठा. तेथे जे घडते ते इंटर्निंग. दुसरे ठिकाण म्हणजे तयार होणाऱ्या फाइलमधले स्ट्रिंग टेबल; तेथे दुबार प्रती तर काढल्या जातातच, शिवाय एका स्ट्रिंगच्या शेपटात दुसरी स्ट्रिंग बसवता येते, आणि त्याला टेल मर्जिंग म्हणतात. या दोहोंना सरसकट ‘डीडुप्लिकेशन’ म्हणून मोकळे होणारी स्पष्टीकरणे वाचून मी कंटाळलो आहे, कारण तो शब्द सर्वांना आधीच दिसणारे साम्य तेवढे सांगतो आणि ज्या फरकापायी प्रोग्राम चुकतात तो फरक झाकून ठेवतो.

इंटर्निंग बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असते. स्ट्रिंग आली की हॅश टेबलमध्ये (मजकुरावरून काढलेल्या ‘हॅश’ या संख्येने जागा शोधणाऱ्या तक्त्यात) शोधायची, सापडली तर तिचा जुना आयडी द्यायचा, सापडली नाही तर तिचे बाइट साठवून नवा आयडी द्यायचा. त्यानंतर दोन नावे समान आहेत का, हे अक्षरे न तपासता नुसत्या आयडींवरून ठरते. लिस्पचे सिम्बॉल आणि जावातले स्ट्रिंग लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्ट्रिंग) याच कल्पनेवर उभे आहेत. साठवणुकीबद्दल एकच गोष्ट सांगतो. 64-बिट यंत्रावर हॅश टेबलच्या प्रत्येक घरात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी ठेवली तर 16 बाइट खर्च होतात. त्याऐवजी सर्व स्ट्रिंग शून्य बाइटने संपवून एका सलग बफरमध्ये ठेवल्या आणि घरात फक्त 32-बिट ऑफसेट (बफरच्या आरंभापासूनचे अंतर) ठेवला, तर 4 बाइट पुरतात. बफर वाढताना मेमरीत दुसरीकडे हलला तरी ऑफसेट खरा राहतो, पॉइंटर मात्र राहत नाही.

टेल मर्जिंगची कल्पनाही सोपी आहे. ‘अविचार’ आणि ‘विचार’ या दोन स्ट्रिंग साठवायच्या असतील तर ‘विचार’ वेगळी लिहिण्याची गरज नाही. यूटीएफ-8 मध्ये ‘अ’ 3 बाइटांचा असल्यामुळे ‘अविचार’च्या आरंभापासून 3 बाइट पुढे बोट ठेवले की तेथून शून्य बाइटपर्यंत ‘विचार’च वाचले जाते. (एकमेकांविरुद्ध अर्थाच्या दोन शब्दांनी एकाच जागेत राहावे, याची मला नेहमी गंमत वाटते.) सी भाषेतील नावांमध्ये तर अशी साखळीच मिळते: ‘व्हीएफप्रिंटएफ’ या फलनाच्या रोमन नावात 8 अक्षरे आहेत, त्यातले पहिले सोडले की ‘एफप्रिंटएफ’ उरते आणि दुसरेही सोडले की ‘प्रिंटएफ’. वेगवेगळी लिहिली तर शून्य बाइट धरून 24 बाइट लागतात, एकात एक बसवली तर 9.

किरकोळ फरक येथेच उरकतो. हे सामाईकपण फक्त शेवटाकडून शक्य आहे. ‘विचार’ हा ‘विचारी’चा आरंभ असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण ‘र’नंतर शून्य बाइट येत नाही. म्हणूनच स्ट्रिंग शेवटच्या बाइटपासून मागे वाचत क्रम लावावा लागतो, आणि नेहमीच्या अकारविल्हे क्रमाने काहीही साधत नाही. एका अक्षराला 4 बाइट घेणाऱ्या स्ट्रिंग असतील तर शेपूट अक्षराच्या सीमेवरच सुरू व्हावे लागते, आणि विभागाला 8 बाइटांची अलाइनमेंट (8च्या पटीतल्या पत्त्यावरच आरंभ) हवी असेल तर तीही पाळावी लागते. हे तपशील एकदा लिहून झाले की पुन्हा त्रास देत नाहीत.

त्रास देते ती गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे स्ट्रिंगचा पत्ता केव्हा ठरतो. इंटर्निंगमध्ये स्ट्रिंग आत टाकता क्षणीच आयडी ठरतो आणि पुढे कधीही बदलत नाही. ते न बदलणे हाच इंटर्निंगचा सगळा उद्देश असतो. टेल मर्जिंगमध्ये मात्र शेवटची स्ट्रिंग येईपर्यंत एकाही स्ट्रिंगचा ऑफसेट ठरलेला नसतो. ‘विचार’ प्रथम आली तेव्हा ती स्वतंत्र राहणार असे वाटले, तरी हजार स्ट्रिंगनंतर ‘अविचार’ आली की पहिलीची स्वतंत्र जागा रद्द होते, आणि तिच्या मागोमाग ठेवलेल्या सर्वांच्या जागाही सरकतात. त्यामुळे टेल मर्जिंगला दोन टप्पे असणे ही अंमलबजावणीतील सोय नसून तिच्या व्याख्येतच असलेली अट आहे: आधी सर्व स्ट्रिंग गोळा करायच्या, मग टेबल बंद करून मांडणी करायची, आणि त्यानंतरच ऑफसेट विचारायचे.

ही अट न समजल्याने होणारी चूक मी एका लहानशा लिंकरच्या कोडमध्ये प्रत्यक्ष पाहिली आहे. लेखकाने आधी साधे इंटर्निंग लिहिले होते. स्ट्रिंग टाकणारे फलन ऑफसेट परत देत असे आणि तो लगेच सिम्बॉलच्या नोंदीत लिहिला जात असे. पुढे फाइल लहान करण्यासाठी शेवटी टेल मर्जिंगचा टप्पा जोडला गेला, पण आधीच लिहिलेले ऑफसेट तसेच राहिले. चाचणीतील मोजक्या नावांचा क्रम योगायोगाने जुळल्यामुळे चाचणी पार पडली. खऱ्या प्रोग्राममध्ये मात्र सिम्बॉलची नावे भलत्याच स्ट्रिंगच्या मधल्या अक्षरापासून सुरू होऊ लागली. लिंकरने एकही तक्रार केली नाही, कारण स्ट्रिंग टेबलमधला कोणताही बाइट हा ईएलएफच्या (लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राम-फाइलच्या स्वरूपाच्या) दृष्टीने वैध आरंभ असतो.

या गोंधळाचा दोष एकट्या वाचकावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण प्रसिद्ध लिंकरांनीही ही दोन कामे एकाच छताखाली ठेवली आहेत. गोल्ड या लिंकरमधील ‘स्ट्रिंगपूल’ हा वर्ग आधी पॉइंटरच्या तुलनेने समानता ठरवता येईल असा साठा म्हणून चालतो आणि नंतर त्याच वस्तूचे स्ट्रिंग टेबल करता येते. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या ‘स्ट्रिंगटेबलबिल्डर’मधील ‘ॲड’ हे फलन ऑफसेट परत देते, पण शेपटे जुळवणारी ‘फायनलाइझ’ बोलावली तर तो बदलेल, असे त्याच्याच टिप्पणीत लिहिलेले असते. दिलेला ऑफसेट टिकवायचा असेल तर आलेला क्रम कायम ठेवणारी निराळी ‘फायनलाइझइनऑर्डर’ आहे. जी किंमत पुढे खोटी ठरू शकते ती परत देणारे फलन मला मुळातच पसंत नाही, टिप्पणी कितीही प्रामाणिक असली तरी. बीएफडी या जीएनयू लिंकरमागील लायब्ररीची जुनी पद्धत मला अधिक सरळ वाटते: तेथे स्ट्रिंग टाकल्यावर केवळ क्रमांक मिळतो, आणि टेबल बंद झाल्यावर त्या क्रमांकाचा ऑफसेट वेगळ्या फलनाने विचारावा लागतो. म्हणजे आधी आयडी मिळतो आणि पत्ता नंतर, आणि दोघांची अदलाबदल अनवधानाने होण्याची शक्यता फारशी उरत नाही.

याच फरकातून समांतर चालण्याचा प्रश्न निघतो. नुसत्या दुबार प्रती काढायच्या असतील तर काम वाटून घेणे सोपे असते, कारण समान स्ट्रिंगचा हॅश समान असतो आणि त्या एकाच वाट्याला येतात. एलएलव्हीएमचा लिंकर एलएलडी असे 32 वाटे करून प्रत्येकासाठी स्वतंत्र टेबल बांधतो. ‘अविचार’ आणि ‘विचार’ यांच्या हॅशचा मात्र एकमेकांशी काहीही संबंध नसतो, त्या वेगवेगळ्या वाट्यांत पडतात आणि त्यांची गाठच पडत नाही. त्यामुळे टेल मर्जिंगला सर्व स्ट्रिंग एका टेबलात आणाव्या लागतात. हॅशचा वेग आणि शेपटांची बचत दोन्ही एकाच रचनेतून मिळवण्याची आशा बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नसते.

उरतो तो समानतेचा प्रश्न, आणि येथे गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात. काहींना वाटते की लिंकर स्ट्रिंग एकत्र करतो, तर सी प्रोग्राममध्ये दोन लिटरलच्या पॉइंटरांची तुलना करून चालेल. काहींना वाटते की टेल मर्जिंगमुळे वेगळ्या स्ट्रिंगचे पत्ते एक होतील. दुसरी भीती निराधार आहे, कारण ‘विचार’ आणि ‘अविचार’ यांचे आरंभ वेगळेच राहतात. पहिली समजूत मात्र खरोखर घातक आहे. जावाच्या भाषा-विनिर्देशात समान लिटरल एकच वस्तू असतील असे वचन दिलेले आहे. सीच्या मानकात ते वेगळे असावेत की एक, हे मुद्दाम अनिर्णित ठेवले आहे. लिंकर एकत्र करतो ते ‘मर्ज’ आणि ‘स्ट्रिंग्ज’ या खुणा असलेल्या विभागांतलेच, तेही खुणा आणि घटकाचा आकार जुळत असेल तर, आणि एकाच आउटपुट फाइलपुरते. शेअर्ड लायब्ररीतील प्रत वेगळीच राहते, आणि एलएलडीला ‘-ओ0’ (ऑप्टिमायझेशन नको, असा पर्याय) दिले तर एकत्रीकरण मुळीच होत नाही. ईएलएफच्या विनिर्देशातील स्ट्रिंग टेबलचे उदाहरण याबाबत बोलके आहे: त्यात ‘एबल’ ही स्ट्रिंग 11 या ऑफसेटवर ‘व्हेरिएबल’च्या शेपटातही सापडते आणि 16 वर स्वतंत्रही लिहिलेली असते, आणि दोन्ही पूर्णपणे वैध आहेत. लिंकरचे हे एकत्रीकरण म्हणजे जागेची काटकसर आहे. समानतेची हमी त्यात कोणीही दिलेली नाही.

मग टेल मर्जिंग करावे कोठे? विभागांच्या नावांसाठी ते अवश्य करावे, कारण नावे थोडी असतात आणि ‘.टेक्स्ट’ हे ‘.रेला.टेक्स्ट’च्या शेपटात आयतेच बसते. सी प्रोग्रामच्या सिम्बॉलमध्येही थोडाफार लाभ होतो. सी++ मध्ये मात्र इटॅनियम पद्धतीने (फलनाच्या नावात प्रकारांची माहिती गुंफणाऱ्या संकेताने) रूपांतरित केलेले प्रत्येक नाव ‘_झेड’ने सुरू होत असल्यामुळे एक संपूर्ण नाव दुसऱ्याच्या शेपटात सापडणे जवळजवळ अशक्य असते, आणि तरीही लाखो लांबलचक नावांचा मागून क्रम लावण्याचा वेळ खर्च होतोच. जीएनयूचा एलडी शेपटे नेहमीच जुळवतो. गोल्ड आणि एलएलडी ‘-ओ2’ सांगितल्याशिवाय त्या वाटेला जात नाहीत. रोजच्या बिल्डसाठी मला दुसरी पद्धतच योग्य वाटते, आणि वितरणासाठीच्या बिल्डमध्येही ‘-ओ2’ कायम करण्यापूर्वी फाइलचा आकार दोन्ही प्रकारे मोजून पाहावा, असा माझा आग्रह असतो.