टोमाहॉकचं लोखंड कुठून आलं?

अमेरिकेतले हौशी लोहार आज टोमाहॉक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावाने ओळखली जाणारी हातकुऱ्हाड, घडवायला घेतात तेव्हा पुष्कळदा नालबंदाची झिजलेली कानस वापरतात. ती मधोमध लाल करायची, गोल कांबीभोवती दुमडायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर आणून हातोड्याखाली सांधायची. दुमडीत जी पोकळी राहते तेच दांड्याचं नेढं. नीट पाहिलं तर तयार पात्यावर कानशीच्या दातांची पुसट नक्षी दिसते. सरळ ठोकळ्याला भोक पाडायचं सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला, याचं उत्तर तीन-चारशे वर्षं मागे सापडतं.

‘टोमाहॉक’ हा शब्द अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हर्जिनियातल्या पोव्हाटन या मूळ रहिवाशांचा. १६०७ साली जेम्सटाउनला वस्ती केलेल्या इंग्रजांनी तो त्यांच्याकडून उचलला. लोखंड गाळायची विद्या तिथे नव्हती, हत्यारं दगडाची आणि लाकडाची होती. म्हणजे आपण चित्रांत ‘रेड इंडियनांचं प्राचीन शस्त्र’ म्हणून पाहतो ते पातं मुळात युरोपी लोहाराचा माल. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापाऱ्यांनी फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरच्या बास्क मुलखातल्या कुऱ्हाडी जहाजांतून कॅनडात आणल्या आणि बीव्हरच्या कातड्यांच्या बदल्यात दिल्या. त्या लढाईपेक्षा सरपण फोडायलाच जास्त वापरल्या गेल्या असणार, पण सरपणाच्या गोष्टी कोण सांगतो!

दुमडण्याचं कारण साधं: लोखंड परवडायचं, पोलाद परवडायचं नाही. म्हणून अंग मऊ लोखंडाचं ठेवत आणि दुमडलेल्या दोन टोकांच्या मधे पोलादाची छोटी पट्टी खुपसत. वर वाळू किंवा टाकणखार टाकून सगळं पांढरंफटक तापवायचं आणि भट्टीतून काढल्या काढल्या घाव घालायचे. ऐरणीवर येईपर्यंत रंग उतरला तर जोड फसला. शेवटी पाणी द्यायचं ते धारेला. पोलाद कडक होई, लोखंडाचं अंग चिवट राही, आणि दगडावर घाव बसला तरी अख्खी कुऱ्हाड तडकत नसे.

पुढे गोऱ्यांनीही हे हत्यार कमरेला लावलं. १८ जुलै १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, शिपायांसाठी जी साधनं सुचवली, त्यांत तलवार नसेल तर टोमाहॉक चालेल असं होतं.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत बोलकं दृश्य मात्र १८०५च्या फेब्रुवारीतलं आहे. पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळायला अमेरिकी सरकारने पाठवलेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसूरी नदीकाठी फोर्ट मँडन इथे हिवाळा काढत होती. धान्य संपत आलेलं. तिथल्या मूळ रहिवासी मँडन लोकांकडे मका होता आणि त्यांना हवी होती लढाईची कुऱ्हाड, तीही त्यांच्याच पसंतीची: पातळ, रुंद पात्याची, जेमतेम १४ इंच दांड्याची, सगळी मिळून सुमारे एक पौंड भरेल अशी. लुईसने रोजनिशीत या घडणीला नावं ठेवली आहेत. मोहिमेतला लोहार जॉन शील्ड्स आणि त्याचे सोबती मात्र गिऱ्हाईक म्हणेल तशी घडवत राहिले, कारण मोबदल्यात मका मिळत होता. एका जळक्या शेगडीच्या पत्र्याचे चार-चार इंची तुकडेसुद्धा ७-८ गॅलन मक्याला एक या भावाने गेले. मँडन लोक त्यांची बाणांची टोकं आणि कातडी खरवडायची हत्यारं करत. हे लोहार नसते तर मका मिळवायला दुसरी युक्ती सापडणं कठीण होतं, अशी कबुली लुईसनेच दिली आहे. पुढच्या वर्षी परतीच्या वाटेवर मोहिमेतल्या माणसांना रॉकी पर्वतापलीकडे, नेझ पर्स लोकांत, फोर्ट मँडनला घडलेल्या कुऱ्हाडी दिसल्या. माल त्यांच्याआधी डोंगर ओलांडून गेला होता.

अठराव्या शतकात याच हत्याराला चिलीम जडली. पात्याच्या पाठीवर तंबाखूची वाटी, दांडा आरपार पोकळ. वाटीसाठी कधी जुन्या बंदुकीच्या नळीचा तुकडा कापून घेत. तह करताना ही भेट सरदारांना दिली जाई. जॉर्ज वॉशिंग्टनने सेनेका या मूळ रहिवासी जमातीचा सरदार कॉर्नप्लांटर याला दिलेला असा टोमाहॉक न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयातून १९४७ ते १९५०च्या दरम्यान नाहीसा झाला आणि २०१८ साली कुणीतरी निनावी परत केला. पात्याच्या एका बाजूला कॉर्नप्लांटरचं सेनेका भाषेतलं नाव कोरलं आहे. दुसऱ्या बाजूला आहे ‘जॉन अँड्रस’, बहुधा घडवणाऱ्याचं.