तूप : आहारमूल्य (मराठवाडा)

लोणी कढवून त्यातील पाणी आणि दुधातील घन भाग वेगळे केल्यावर उरणारा दुग्धस्निग्धांश. त्यात स्निग्धांश किमान ९९.५ टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त ०.५ टक्का असावा, असे अन्नमानक आहे. १०० ग्रॅम तुपापासून सुमारे ९०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एका सपाट चहाच्या चमच्यातून (५ ग्रॅम) सुमारे ४५. प्रथिने, दुग्धशर्करा व कॅल्शियम मात्र ताकात आणि बेरीत निघून जातात. त्यामुळे दूध विकून मुलाच्या भाकरीवर तूप घातले म्हणजे दुधाची भरपाई झाली, हा हिशेब चुकीचा आहे.

मेदाम्लांपैकी (स्निग्धांशाचे घटक) सुमारे ६० ते ६५ टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड) व २५ ते ३० टक्के एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) असतात. बहुअसंपृक्त फारच थोडी. कोलेस्टेरॉल १०० ग्रॅममध्ये साधारण २५० ते ३०० मिग्रॅ. जुन्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत अ जीवनसत्त्व गाईच्या तुपात सुमारे ६०० व म्हशीच्या तुपात २७० मायक्रोग्रॅम दिले आहे. हे आकडे वैरणीनुसार बदलतात. हिरवा चारा संपल्यावर, म्हणजे मराठवाड्यात फाल्गुनापासून मृगापर्यंत, ते खाली येतात असे मानण्यास हरकत नाही. म्हशीचे तूप पांढरे दिसते, कारण म्हैस चाऱ्यातील कॅरोटिन या पिवळ्या रंगद्रव्याचे जवळजवळ सगळे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. केवळ पिवळेपणावरून कस ठरवता येत नाही.

सरकीचा परिणाम : देवणी व लाल कंधारी गाई आणि मराठवाडी म्हैस ही या विभागाची जनावरे. कापसाच्या पट्ट्यात दुभत्यांना सरकी किंवा सरकी पेंड चारली जाते आणि तिचा ठसा थेट तुपावर उमटतो. लहान साखळीची बाष्पनशील, म्हणजे वाफेबरोबर उडणारी मेदाम्ले (ब्युटिरिक इत्यादी) घटतात, स्टिअरिक व ओलेइक वाढतात. तूप घट्ट, जाड कणीचे व उशिरा वितळणारे होते. ५ ग्रॅम तुपातील बाष्पनशील, जलविद्राव्य आम्लांच्या उदासिनीकरणास लागणारे दशांश-नॉर्मल (ठरावीक तीव्रतेच्या) अल्कलीचे मिलीलिटर म्हणजे भेसळ ओळखण्यासाठी वापरला जाणारा रायखर्ट-माइस्ल अंक. भेसळ प्रतिबंधक नियमांत महाराष्ट्राच्या इतर भागासाठी तो किमान २६, तर राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या कापूसपट्ट्यासाठी २१ धरला होता. ४० अंश सेल्सिअसला ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचे (तुपातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचनही अनुक्रमे ४० ते ४३ आणि ४१.५ ते ४५ असे वेगळे होते. सरकी खाणाऱ्या म्हशीचे अस्सल तूप सरकीच्या तेलासाठी असलेल्या हाल्फेन चाचणीत लाल रंग देऊ शकते, कारण सरकीतील सायक्लोप्रोपीन मेदाम्ले अल्प प्रमाणात दुधात उतरतात. केवळ या चाचणीवर भेसळ ठरवणे म्हणून धोक्याचे. सरकीची सवलत भेसळवाल्यांनाच सोयीची पडते, असाही आक्षेप घेतला गेला आहे. तो निराधार नाही; तरी पट्ट्यासाठी वेगळा निकष ठेवणे शास्त्राला धरून होते. ऊर्जेच्या दृष्टीने सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात फरक पडत नाही.

बालकांसाठी : पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, तूप-मधाचे चाटणही त्यात आलेच. पुढे मात्र तुपाला खरे स्थान आहे. बाळाचे पोट लहान असते आणि वरणाच्या पाण्यात ऊर्जा नाममात्र असते. घट्ट वरण-भात किंवा मऊ खिचडीच्या वाटीत अर्धा चमचा तूप घातल्यास घास न वाढवता सुमारे २२ किलोकॅलरी वाढतात. ६ ते ८ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी पुरतात. त्यात तीन चमचे तूप ओतले, तर १३५ तिथेच संपतात आणि डाळ, अंडे, पालेभाजी यांना, अर्थात प्रथिने व लोहाला, जागा राहत नाही. अंगाने भरलेले पण रक्त कमी असलेले मूल बहुधा अशा ताटातून येते. तान्ह्याच्या नाकात तूप सोडण्याची रीत टाळावी. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

प्रौढांसाठी : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशीत बैठे काम करणाऱ्या पुरुषास २५, स्त्रीस २० व स्तनदा मातेस ३० ग्रॅम दृश्य स्निग्ध पदार्थ धरले आहेत. यात तेल, तूप, लोणी सगळे आले. संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २,००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम, ठेवायचा तर फोडणी तेलाची आणि वरून एक-दोन चमचे तूप, ही मांडणी बसते. पुरणपोळीसोबतच्या ५० ग्रॅमच्या वाटीत ३० ग्रॅमहून अधिक संपृक्त मेद असतो. सणाचे ताट वेगळे; बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि भाकरीवरही तूप असे दुहेरी चालले की मात्र हिशेब सुटतो. ज्वारीत स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने शेवग्याच्या पाल्यातील कॅरोटिन अंगी लागण्यास जेवणात थोडे तूप वा तेल हवेच.

१९८७ मध्ये संशोधक जेकबसन यांनी तुपातील ऑक्सिडीकृत कोलेस्टेरॉल हे स्थलांतरित भारतीयांमधील हृदयविकाराचे संभाव्य कारण म्हणून मांडले. ताज्या कढवलेल्या तुपात ही द्रव्ये फारच कमी आणि तळणीत वारंवार तापवलेल्यात ती वाढतात, असे नंतरच्या तपासण्यांतून दिसले. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कढवणे व दोष : पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या जरा वर थबकते; बुडबुड्यांचा आवाज मंदावला की ते झपाट्याने चढते. ११० ते ११५ अंशांना, बेरी बदामी होताच, उतरवावे. आधी उतरवल्यास ओलावा राहून तूप लवकर खवट होते. उशीर झाल्यास बेरी करपून कडवट वास धरते. फार दिवस साठवलेल्या आंबट लोण्याचे तूप सुरुवातीपासूनच आम्लयुक्त असते. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात खवटपणा वेगाने येतो. विड्याचे पान टाकण्याच्या प्रथेस त्यातील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा आधार आहे. एक लिटर म्हशीच्या दुधापासून घरगुती रीतीने साधारण ५५ ते ६० ग्रॅम तूप निघते. कणी पडण्यास सावकाश निवावे लागते. उन्हाळ्यात तूप पातळच राहते, तो दोष नव्हे.