मानवी विकासाच्या मानसशास्त्रात पदव्युत्तर प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

विकासात्मक मानसशास्त्र म्हणजे लहान मुलांचं मानसशास्त्र, असं धरून अनेकजण अर्ज भरायला बसतात. पदव्युत्तर स्तरावर मात्र हा विषय गर्भावस्थेपासून अखेरच्या दिवसांपर्यंतच्या माणसाचा असतो. तान्ह्या बाळाचं लक्ष कुठे वळतं, किशोरवयात जोखीम का घ्यावीशी वाटते, पालक झाल्यावर माणूस कसा बदलतो, सत्तरीत स्मरणशक्तीचं काय होतं, हे सगळं यात येतं.

एक गोष्ट अर्जाआधीच तपासा. ही बहुतेक ठिकाणी संशोधनाची पदवी असते. तिच्या बळावर समुपदेशक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याचा परवाना सहसा मिळत नाही. रुग्णांसोबत काम करायचं असेल तर त्यासाठी मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम शोधा. हे दोन वर्षं घालवल्यावर कळलं तर फार जड जातं.

पात्रता

मानसशास्त्राची पदवी असेल तर उत्तमच. शिक्षणशास्त्र, जीवशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंगमधून येणाऱ्यांनाही अनेक विभाग घेतात, पण मानसशास्त्राची ओळख, संशोधन पद्धती आणि सांख्यिकी हे पेपर आधी झालेले असावेत अशी अट घालतात. काही विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, काही ठिकाणी एमए किंवा एमएस्सी आधी हवी.

सांख्यिकीवर एवढा भर का, असं विद्यार्थी विचारतात. तिशीतली आणि सत्तरीतली माणसं एकाच दिवशी तपासली, तर दिसणारा फरक वयाचा की पिढीचा हे सांगता येत नाही, कारण दोघांचं शिक्षण, आहार, बालपण सगळंच वेगळं. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं आणि नवी माणसंही जोडत नेली. एकाच वेळच्या तुलनेत बौद्धिक क्षमतांची घसरण जेवढी लवकर सुरू झाल्यासारखी वाटे, तेवढी ती अनेक बाबतींत लवकर नव्हती. या विषयातलं निम्मं काम म्हणजे असा गुंता सोडवणं, म्हणून प्रवेश समिती सांख्यिकीचे गुण आवर्जून बघते. ते कमी असतील तर अर्जाआधी एखादा चांगला कोर्स पूर्ण करा आणि त्याचा उल्लेख करा.

कागदपत्रं

सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेला सगळ्या गुणांचा एकत्रित उतारा), सीव्ही, दोन किंवा तीन शिफारसपत्रं आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी: कशाचा अभ्यास करायचा आहे आणि का, हे सांगणारं तुमचं निवेदन. काही विभाग लेखनाचा नमुना मागतात; पदवीच्या प्रकल्पाचा अहवाल तिथे चालून जातो. परदेशी अर्जासाठी इंग्रजीची परीक्षा लागू शकते. आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण दोन वर्षं, तर जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे पाच वर्षं ग्राह्य धरतात. जीआरईची सक्ती बऱ्याच विभागांनी काढली आहे, तेव्हा फी भरण्याआधी विभागाचं पान वाचा. ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, ते आधी मागवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा.

शिफारसपत्र तुमचं संशोधनाचं काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचं घ्या. विभागप्रमुखांच्या चार गोड ओळींपेक्षा प्रकल्प-मार्गदर्शकांनी सविस्तर लिहिलेलं पत्र कितीतरी जास्त कामाचं.

एसओपी

अर्जाचं खरं वजन इथे आहे. ‘मला मुलं फार आवडतात’ यावरून समितीला काहीच कळत नाही. कोणतं वय, कोणता प्रश्न आणि कोणती पद्धत, एवढं स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ: ‘आजी-आजोबांजवळ वाढणारी तीन ते पाच वर्षांची मुलं स्वतःच्या रागाला आवर घालायला कशी शिकतात, हे त्याच मुलांना दोन वर्षांत तीनदा भेटून मला अभ्यासायचं आहे.’ हे वाचून कोणता प्राध्यापक तुम्हाला मार्गदर्शन करू शकेल ते लगेच ठरतं. पीएचडीला तर बहुतेक वेळा मार्गदर्शकच विद्यार्थी निवडतो. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि यंदा नवे विद्यार्थी घेणार का, हे चार ओळींच्या ईमेलमध्ये विचारा.

पाळणाघरात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात काम केलं असेल तर तिथे काय पाहिलंत ते लिहा. मुलांवर संशोधन केलं असेल, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार कसा घेतला तेही सांगा.

तारखा आणि मुलाखत

अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज बहुधा डिसेंबरमध्ये बंद होतात आणि आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला उत्तर देण्याची रूढ तारीख १५ एप्रिल आहे. इतरत्र वेळापत्रक बरंच वेगळं असतं. अर्ज शुल्क परवडत नसेल तर माफीसाठी विचारा, अनेक विद्यापीठांत तशी सोय असते.

मुलाखतीत तुमच्याच प्रश्नावर उलटतपासणी होते. ‘दोन वर्षांनी निम्मी कुटुंबं परत आलीच नाहीत तर?’ असं कुणी विचारलंच, तर ‘आणखी कुटुंबं घेऊ’ एवढं उत्तर पुरत नाही. निघून गेलेली कुटुंबं राहिलेल्यांपेक्षा वेगळी असू शकतात, आणि तसं असेल तर निष्कर्षच कलतो. ती वेगळी होती का, हे पहिल्या भेटीतल्या नोंदींवरून तपासू, असं सांगा.