आंतरप्रवाही औषध झाडात कुठे जातं आणि कुठे जात नाही

"आंतरप्रवाही आहे, कुठेही मारा, झाडभर पोचतं." आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून फिरणाऱ्या कीटकनाशकाबद्दल कापसाच्या पट्ट्यात हे सर्रास ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पैसा वाया जातो, फवारणारा विनाकारण विषात भिजतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोचले. म्हणून औषध झाडात फिरतं कसं, ते नीट समजून घेऊ.

मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडींवरचं इमिडाक्लोप्रिड उदाहरण म्हणून घेऊ. एक लिटर पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त विरघळतं. तेवढं त्याला जलवाहिनीतून, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतून, प्रवास करायला पुरतं. जलवाहिनीतलं पाणी वर चढवायला झाडात कुठलाही पंप नाही. पानांच्या रंध्रांतून वाफ बाहेर जाते, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे वरची ओढ थेट मुळापर्यंत पोचते. विरघळलेलं औषध या पाण्याबरोबर वर येतं. पानात पाणी उडून जातं, औषध मागे राहतं आणि शिरा जिथे संपतात त्या कडांकडे साठत जातं.

आता खरी गंमत. पानात तयार झालेली साखर रसवाहिनी नावाच्या वेगळ्या नळ्यांतून शेंड्याकडे, बोंडांकडे, मुळांकडे जाते. मग औषधही त्याच वाटेने का जात नाही? इमिडाक्लोप्रिड पेशींच्या पटलातून सहज आरपार जातं. रसवाहिनीत शिरलं तरी लगेच झिरपून बाहेर येतं, आणि शेजारून कितीतरी वेगाने वर जाणारं जलवाहिनीतलं पाणी त्याला पुन्हा पानाच्या कडेकडे ओढून नेतं. म्हणजे एकदा पानात आलेलं औषध जवळपास तिथेच अडकतं.

यातून शेतातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. खालच्या पानावर पडलेलं औषध शेंड्याला जात नाही. फवारणीनंतर उमललेलं पान जवळजवळ कोरंच असतं. बोंडाचं पोषण मुख्यतः रसवाहिनीतून होतं, त्यामुळे आत बसलेल्या गुलाबी बोंडअळीसाठी हे औषध मारणं निरर्थक आहे. जमीन कोरडी आणि पऱ्हाटी (कापसाचं झाड) सुकलेली असेल तर बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून वाफ जाणं, मंदावतो आणि मुळाशी दिलेलं औषधही नीट वर चढत नाही. बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावलं तर, मात्र ते मुळाच्या बाजूने शिरतं, म्हणून ते लहान रोपाच्या सगळ्या पानांना मिळतं. बीटी कापसाचं बियाणं बहुधा असं औषध लावूनच येतं आणि साधारण पहिला महिनाभर मावा, तुडतुडे आटोक्यात ठेवतं. त्या काळात पुन्हा त्याच, म्हणजे निओनिकोटिनॉइड गटाची फवारणी केली, तर ढालकिड्यासारखे किडी खाणारे मित्रकीटक मरतात आणि औषधाला न जुमानणारे तुडतुडे तेवढे मागे उरतात. थायामेथोक्झाम आणि अ‍ॅसिटामिप्रिडही याच गटातली. बाटलीवरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही.

फवारायचंच असेल तर आधी पानं उलटून किडी मोजा. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसेपर्यंत थांबता येतं. १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिडचं कापसावरचं प्रमाण १० लिटर पाण्याला सुमारे अडीच मिलि आहे. अंदाजाने झाकण भरून ओतलं, तर याच्या कितीतरी पट पडतं.

निओनिकोटिनॉइड गटाची ही औषधं कीटकांच्या मज्जापेशींवरच्या ग्राहकांना (संदेश पकडणाऱ्या जागांना) घट्ट चिकटतात आणि माणसाच्या ग्राहकांना खूप सैल. पण 'आंतरप्रवाही' हा शब्द फक्त झाडातला प्रवास सांगतो, माणसाला किती धोका ते सांगत नाही. मोनोक्रोटोफॉस हे दुसऱ्या गटाचं कीटकनाशकही आंतरप्रवाही, आणि त्यावर अतिविषारी म्हणून लाल त्रिकोण. ते कातडीतून शरीरात शिरतं. इमिडाक्लोप्रिडचा त्रिकोण पिवळा, म्हणजे तेही निरुपद्रवी नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत वाऱ्याच्या विरुद्ध फवारलं, पंप पाठीवर गळत असला, तर औषध अंगावरच येतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. आणि ज्याची शिफारस नाही असं दोन-तीन औषधांचं मिश्रण करू नये.

फवारणीनंतर दूध किंवा गूळ घेतला की विष उतरतं, असा समज खेड्यापाड्यांत घट्ट आहे. कातडीतून आणि श्वासातून गेलेलं विष पोटात नसतंच, मग दूध त्याला कुठे गाठणार? भिजलेले कपडे ताबडतोब काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा चालतो. इमिडाक्लोप्रिडवर खास उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. नेमकं काय फवारलं होतं, हे डॉक्टरांना लेबलावरूनच कळतं.